खेमसिंगची सायकल

राजूर, ता. वणी

प्रिय हिरासिंग,

पत्र पाहून तू आधी म्हणशील, या बुड्ढ्याचा मोबाइल हरपला का काय! नाही रे बाप्पा, मोबाइल खिशातच आहे. पण फोनवर मले जमून नाही राह्यलं. मागच्या सोमवारी सकाळी सकाळी मी तुले फोन केलता, आठवते? तुरीले फुलं आली का विचारलं, पाऊस विचारला, तुझ्या रंजिताच्या पोरीले दात आले का विचारलं आणि ठेवून दिला. तू हसला, म्हणाला, पुंडलिक आता तुरीचा व्यापार करते का काय. मले तुरीचं काहीच विचारायचं नव्हतं हिरा. दुसरंच सांगायचं होतं, पण तुझा आवाज ऐकला की माझी जीभ तुरीकडं वळते. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मधात फाडू नको, एवढंच मागणं आहे.

पहिली बातमी अशी की आम्ही राजूर सोडून राह्यलो. तानाबाईची धाप यंदा लय वाढली. दोन पायऱ्या चढली की तिसरीवर बसते. डॉक्टरनं साफ सांगितलं, या धुळीतून हलवा. इथली धूळ तुले काय सांगू, सकाळी धुतलेलं लुगडं वाळेपर्यंत काळं होते. आमच्या पोरानं, रजतनं, नागपुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तो कवापासून मागं लागलाच होता. गॅलरी एवढीशी, कपडे वाळवायचा स्टँड उभा केला तर माणसाले आडवं होऊन जा लागते. तिथं माझ्या चौदा सायकली आणि तो टिनाचा शेड, ज्याले तू कारखाना म्हणायचा, कुठं मावणार? म्हणून सारं विकायले काढलं. येत्या रविवारी सामानाचा टेम्पो निघते.

विकणं म्हणजे काय असते ते या पंधरा दिवसांत कळलं. नागपूरचा एक हॉटेलवाला आला, गॉगल डोक्यावर चढवून. त्याले सायकली भिंतीवर टांगायच्या आहेत म्हणे, लोक त्याच्याखाली बसून कॉफी पितील. मी म्हटलं, अरे भल्या माणसा, हिचं मागचं चाक बसवायले मी सहा महिने खपलो, ही चालते! तर तो म्हणे, काका, चालली नाही तरी चालते. असा राग आला की घंटी काढून त्याच्या डोक्स्यात घालावी. वणीचा एक फोटोवाला रॅले सायकल घेऊन गेला. लग्नाच्या आधी नवरा-नवरीचे फोटो काढतात ना आजकाल, त्यासाठी. मी त्याले ब्रेक दाबून दाखवत होतो आणि तो सीटचा रंग पाहत होता. एकच गिऱ्हाईक असं आलं की जिवाले बरं वाटलं, चंद्रपूरचे एक रिटायर मास्तर. त्यायनं हंबरची घंटी एकदाच वाजवली आणि दुसरीकडं तोंड करून चष्मा पुसत राह्यले. त्यायले मी हवेचा पंपही तसाच देऊन टाकला. हातोड्या गेल्या, लोखंड पकडायचा वाइस गेला, डगमगतं चाक सरळ करायचं ते स्टँडही गेलं, आपण दोघांनी खाणीतल्या भंगारातून बनवलेलं. शेडमध्ये आता बोललं तर आवाज घुमते, म्हणून मी तिथं बोलतच नाही.

लोक म्हणतात, पुंडलिकरावले जुन्या सायकलींचा नाद. पेपरात माझा फोटो आला तेव्हा तू कात्रण कापून साऱ्या तांड्याले दाखवलं आणि नेऊन तुझ्या मायच्या, याडीच्या फोटोशेजारी ठेवलं, असं रंजिता सांगत होती. त्या दिवशी मी जेवलो नाही. नाद नव्हता तो. नाद असला तर माणूस सायकल चालवते, मिरवते. तू मले चोवीस वर्षांत सायकलवर बसलेलं पाह्यलं का? मी नुसता दुरुस्त करत राह्यलो. कुठून तरी मोडकी सायकल आणायची, खोलायची, राकेलात धुवायची, जोडायची, आणि शेवटी पायडलच्या दांड्याले पकडून ठेवणारी ती खीळ, ती कॉटर पिन, तिचा नट आवळायचा. आवळला की पुन्हा पाहायचा. सकाळी उठून अजूक एकदा पाहायचा. तानाबाई म्हणायची, रोज रोज नट चाचपून काय होते हो तुमचं? मी तिच्यावर खेकसायचो, तुले यातलं काय समजते म्हणून. तिले खरंच समजत नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं.

चौदापैकी तेरा गेल्या. राह्यली ती एक, आणि खरं म्हटलं तर तीच पहिली. आपल्या खेमसिंगची. पोलिसांनी परत दिली तेव्हा तुले ती पाहवली नाही. म्हणाला, पुंडलिक, चुन्याच्या भट्टीत टाक नाही तर नाल्यात टाक, माझ्या डोळ्यापुढं नको. तू तेव्हा हो म्हणवून घेतलं माझ्याकडून. मी टाकली नाही. चाकं बदलली, वाकलेला दांडा सरळ केला, रंग तोच हिरवा लावला आणि शेडच्या मागच्या भिंतीले टेकवून तिच्यावर चादर टाकून ठेवली. तू यायचा तेव्हा मी तुले अंगणातच बसवायचो. चहा बाहेर काहून, असं तू एकदा विचारलंही होतं.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, तरी तुझ्या मनात काय आहे ते मले पाठ आहे. खेमसिंग बावीस वर्षांचा. एसटीच्या भरतीचा फॉर्म भरायले वणीले जायचं होतं, शेवटची तारीख. तुझी फटफटी नवीकोरी, आणि आठच दिवसांआधी त्यानं तिचा हेडलाइट फोडलता. तू चाबी खिशात घातली आणि म्हणाला, सायकलनं जा. कोणता मोठा भाऊ नसता म्हणाला? पुलाच्या चढावर तो पडला, मागून कोळशाचा ट्रक होता. महिन्याभरात तू फटफटी विकली, खाणीतली पक्की नोकरी सोडली आणि फुलसावंगीकडं तांड्यावर निघून गेला. अजूनही बाजाराले पायी जातो. तुझ्या ओमनं एवढी चांगली गाडी घेतली तर तिच्यावर एकदा बसला नाही तू. सुखीबाई याडी होती तोवर दर सणाले तेच म्हणायची, चाबी दिली असती तर माझा खेम असता, आणि तू खाली मान घालून ऐकायचा. दोन वर्षांआधी तिच्या मातीले मी आलतो. शेवटच्या चार दिवसांत याडी माझ्याशी बोलली नाही रे, असं म्हणून तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तेव्हाच मी बोलायले पाहिजे होतं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राह्यलो. लाज वाटते मले त्या हाताची.

आता ऐक हिरा. तू सायकलनं जा म्हटल्यावर खेमसिंग सरळ वणीले नाही गेला. आधी माझ्याकडं आला. उजवं पायडल कटकट करून राह्यलं होतं. भिया, पाच मिनिटांत करून दे, म्हणाला. मी कॉटर पिन काढली, घासली, ठोकून बसवली. नट आधीच राकेलाच्या झाकणात धुवायले टाकलता. होळी चार दिवसांवर होती. तो मले तुमचं होळीचं गाणं, लेंगी शिकवत होता, आणि मी गोरबोलीतला एकही शब्द धड म्हणत नव्हतो. तो पोट धरधरून हसे. मी पान्यानं मडगार्डवर ताल धरला. हसतच त्यानं टांग मारली, घंटी वाजवली आणि गेला. दुपारी खबर आली. तुझ्यासोबत दवाखान्यात होतो, सारं उरकून घरी आलो, शेडमध्ये हातपाय धुवायले गेलो, आणि झाकणात नट होता. सपाट रस्त्यावर पिन कशीबशी टिकली असेल. चढावर तो पायडलवर उभा राह्यला, पिन सटकली, पायाखालचा दांडा फिरला. ट्रकवाला पहिल्या दिवसापासून सांगत होता की पोरगा आपोआप समोर पडला. त्याचं कोणीच ऐकलं नाही, आणि मी ऐकून चूप बसलो.

पहिले ठरवलं होतं, तेरावं झालं की सांगू. मंग तू नोकरी सोडून राह्यला होता, तेव्हा म्हटलं, आता कसं सांगू. मंग तुझं तुरीच्या डाळीचं पहिलं पोतं आलं. त्या दिवशी तू माझ्यासोबत उभा राह्यला म्हणून, असा निरोप होता. दरवर्षी येते ते पोतं. तानाबाई वरण करते, मी खातो. होळीले तू दरवर्षी बोलावतो आणि मी गुडघ्याचं निमित्त सांगतो. माझे गुडघे धडधाकट आहेत. लेंगी ऐकायची हिंमत नाही मले.

गेल्या शनिवारी हॉटेलवाल्याचा मिस्त्री माल न्यायले आला. हिरवी विकायची नाही असं सांगितलं होतं, तरी त्यानं आपली सवयीनं चादर उचलली, वाकून पाह्यलं आणि हसून म्हणाला, काका, बाकी साऱ्या टकाटक, पण या एकीचा कॉटरचा नट लावायले विसरले तुम्ही. चोवीस वर्षांत हे कोणीच म्हटलं नव्हतं. तिले नट मी कधी लावलाच नव्हता, माझा हातच होत नव्हता. मी तिथंच खाली बसलो आणि लहान लेकरासारखा रडलो. तो बिचारा घाबरला, पाणी आणायले धावला. तानाबाई धापा टाकत आली, तिले सारं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझे कपडे बॅगेत भरले, तिचे तसेच दोरीवर ठेवले. म्हणाली, हिराभाऊजीले सांगितल्याबिगर मी तुमच्यासंग नागपूरले येत नाही, धापेनं जीव गेला तरी चालते. पण तिच्यासाठी लिहून राह्यलो असं समजू नको. तिनं नुसतं मले दारापर्यंत ढकललं.

तर हे पत्र यासाठी, हिरा. तू चाबी दिली नाही म्हणून खेम गेला नाही. सायकल चांगली होती, रस्ता रोजचा होता, संध्याकाळी तो फॉर्म भरून घरी आला असता. मी नट विसरलो म्हणून तो गेला. हे याडीच्या फोटोसमोर मोठ्यानं वाच, आणि माझं कात्रण तिथून काढून टाक. पाकिटात कागदात गुंडाळलेला लोखंडाचा लहानसा तुकडा आहे, तो तोच नट. इतकी वर्षं तंबाखूच्या डबीत माझ्यापाशी होता. माफी मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. रविवारपर्यंत शेड उघडा ठेवतो. एक पाना विकला नाही, तो सायकलीजवळ ठेवला आहे. वाटलं तर येऊन तुझ्या हातानं नट लाव आणि तिले घेऊन जा, वाटलं तर माझ्या तोंडावर थुंकून जा. नाही आला तर ते डाळीचं पोतं पाठवणं यंदापासून बंद कर, मी समजून घेईन. पण येशील तर फाट्यापर्यंत पायी चालत, मंग एसटीत लटकत येऊ नको. ओमले म्हण, चाबी घे, आणि त्याच्या मागं गाडीवर बसून ये.

अजूनही तुझाच म्हणू देशील तर,
पुंडलिक