अर्ध्या प्रार्थनेत शेषेराव बरे झाले

उदगीर, मंगळवार

प्रिय आक्काला धाकट्या भागवतचा प्रभूमध्ये सलाम.

तुझे गुडघे, तुझा चष्मा आणि तुझी म्हैस, तिघंही ठीक असतील अशी आशा करतो. (गेल्या खेपेला तिघांत म्हैसच काय ती बरी होती.) फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला थोडक्यात सांगता येत नाही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब उद्या तुमच्या इस्लापूरला येताहेत, म्हणून त्यांच्या हाती हे पत्र देतो आहे. इकडं सगळं क्षेम आहे. म्हणजे तुझ्या भावजयीच्या, सिंधुच्या, पित्ताशयात खडे निघालेत आणि पुढच्या गुरुवारी लातूरला ऑपरेशन आहे, पण ती मजेत आहे. क्षेम नाही ते माझं.

तुला ठाऊकच आहे, मंडळीत कुणी आजारी पडलं की प्रार्थनेला मला नेतात. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यानं मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगायची सवय आहे. गेल्या महिन्यात आपले रेल्वेतले शेषेराव हर्नियासाठी लातूरला भरती झाले, तेव्हाही मी खाटेपाशी उभा राहिलो, डोळे मिटले आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. मग इस्राएल लोकांना मिसर देशातून तांबड्या समुद्रापार बाहेर काढलं, डॉक्टर, भूल देणारे, नर्सबाई, जनरेटर आणि लिफ्ट यांना एकेक करून प्रभूच्या हाती सोपवलं. (लिफ्ट वर येताना दोनदा अडकली होती.) अधूनमधून चाकांचा आवाज आल्यासारखा वाटला, पण प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत ही बाबांची शिकवण तुलाही आहे. शेवटी शेषेरावांचा हर्निया समूळ नाहीसा कर असं कळकळीनं मागून मी आमेन म्हटलं आणि डोळे उघडले.

खाटेवर शेषेराव नव्हते. मुखेडचे कुणी गुरुपादप्पा होते, पायाला प्लास्टर, हात जोडलेले. ते म्हणाले, "मास्तर, लई चांगलं बोलता. पण माझं पायाचं हाय. तुमी कवाचं हर्नियाचं मागून राहिले." शेषेरावांना न्यायला माणसं आली तेव्हा मी तांबड्या समुद्रापाशी होतो म्हणे. प्रार्थना कशी तोडायची म्हणून कुणी मला हात लावला नाही. त्यांना हळूच स्ट्रेचरवर घेतलं, चादर बदलली आणि खाट पुढच्याला दिली.

शेषेराव घरी आल्यावर भेटायला गेलो, तर चार माणसांत म्हणतात, "मास्तर, तुमची अर्धीच प्रार्थना माझ्या वाट्याला आली, तरी मी बरा झालो. म्हंजे अर्धी बी पुरती." त्याच रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनाला विषय घेतला, की पुष्कळ बोललं म्हणून देव ऐकतो असं नाही. संपूर्ण प्रवचनात त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. सगळी मंडळी मात्र बघत होती.

मी मनाला लावून घेतलं. ठरवलं, आता मोजकं बोलायचं. पुढच्या रविवारी मला उपासनेत प्रार्थना चालवायला सांगितलं. मी उभा राहिलो, "हे प्रभू" म्हणालो, आणि पुढं काही सुचेना. उत्पत्ती नको, मिसर नको, तर मग माझ्याजवळ उरलं काय? पंख्याचा आवाज ऐकत दोन मिनिटं उभा राहिलो आणि आमेन म्हणून बसलो. बाहेर आल्यावर दोघातिघांनी सांगितलं, मास्तर, आजची प्रार्थना लई मनाला लागली. आक्का, मी काहीच बोललो नव्हतो गं.

तेव्हापासून घरीसुद्धा तसंच होतंय. सिंधुच्या ऑपरेशनसाठी म्हणून चार पानं प्रार्थना लिहून काढली, तर तिनं ती डब्यांखाली अंथरली. म्हणते, "हे ऐकलं तर भूल द्यायच्या आधीच झोपंन मी." तिला भीती अशी नाहीच. पिशवी भरून ठेवली, शेजारणीला तुळशीसकट सगळ्या कुंड्यांना पाणी घालायला सांगून ठेवलं (तुळस खोकल्यासाठी लावली आहे, पाळकसाहेबांनी हे वाचलं तर तू खुलासा कर), आणि वर मलाच विचारते, तुमचा चेहरा असा का झालाय. मी एकटाच भिऊन बसलोय, आणि तोंडात शब्द नाही.

आई अंथरुणाला खिळली तेव्हाचं आठवतं? मी पाऊण तास प्रार्थना केली होती. मग तू चुलीपुढून उठून आलीस, तिच्या कपाळावर हात ठेवलास, "देवा, ही तुझीच हाय. बघ," एवढं म्हणालीस आणि परत भाकरी टाकायला गेलीस. मला तुझा राग आला होता. वाटलं, हिला धड चार वाक्यं सुद्धा बोलता येत नाहीत. आई दीड महिन्यानं गेलीच, पण त्या दुपारी ती कण्हायची थांबली होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

असो. म्हशीला नमस्कार सांगू नये, पण सांग.

तुझा,
भागवत

ता. क. खरं विचारायचं ते राहिलंच. पुढच्या बुधवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, तू लातूरला येशील का? नांदेडला मी न्यायला येतो. खाटेपाशी मी डोळे मिटून उभा राहीन. बोलायचं तेवढं तू बोल.

आणखी ता. क. सिंधुनं पत्र वाचलं. म्हणते, "आक्का ये" एवढं लिहिलं असतं तरी त्या आल्या असत्या. तिलाही काही लिहायचंय म्हणून खाली अर्धं पान मोकळं सोडलं आहे.

आक्का, मला लई भ्याव वाटून राहिलं. या.
सिंधु