गुलछडीचा वास

धाराशिव,
१६ एप्रिल २०२५

चि. नंदू,
अनेक आशीर्वाद. पुण्यात तुम्ही तिघं बरी असाल. फोनवर बोललेलं सगळं आईच्या खोलीत ऐकू जातं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे.

तू सांगितलंस तशी आईच्या उशाशी गुलछडी ठेवते. आधी डबल पाकळ्यांची आणली, भरघोस दिसते म्हणून. तिला वास नावालाच. मग फुलवाल्या गजराबाई म्हणाल्या, "सिंगल न्या ताई. खालच्या दोनच कळ्या उमललेल्या बघा." देठ तिरके कापते, पाण्यात बुडणारी पानं काढते, पाणी रोज बदलते. तरी या उन्हात तिसऱ्या दिवशी माना टाकतात. वैताग आलाय. तुझ्या सूचनांचाही. दिवसातून चारदा अंथरूण बदलणाऱ्या माणसाला देठ कसा कापायचा ते फोनवर शिकवू नये.

हे लिहिलं आणि वाटलं, राग तुझ्यावर नाही.

आई पाणी पीत नाही. आठ दिवस झाले. दोन घोट घेते, तेही गोळीपुरते. लघवीला जळजळ होते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. पेला पुढं केला की म्हणते, "त्या फुलाला घाल. माजं भागतंय." अंथरूण ओलं व्हायला नको, म्हणून हे.

गेल्या मंगळवारी शेजारच्या मैमुनाभाभी तिला बघायला आल्या. मी दारातच हळू विचारलं, "भाभी, वास येतोय का हो?" भली बाई. फुलांकडं बघून म्हणाल्या, "येतोय की, लई मस्त." आई डोळे मिटून पडली होती. भाभी गेल्यावर तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्या संध्याकाळपासून पाणी बंद.

डायरीत मी लिहिलं, 'फुलांबद्दल विचारलं होतं.' दुसऱ्या दिवशी खोडलं. फुलांबद्दल विचारायला कुणी आवाज खाली आणतं का?

वाचून फोन करू नकोस, निघ. कामाला नको, काम मी करते. तिच्याजवळ बसून बोलता बोलता सांग, ताईनं फुलांचंच विचारलं होतं. मी सांगितलं तर ती माझ्या तोंडाकडं बघेल. तुझं खोटं तिनं लहानपणापासून चालवून घेतलंय. मग पेलाही तूच पुढं कर.

तोवर मी चमच्यानं तिचे ओठ ओले करते.

तुला खोटं बोलायला लावणारी,
तुझी ताई