आकाशातल्या सात लाल रेघा

१२ ऑगस्ट, रविवार

याग्लिका मेली. काल, बाल्शाच्या लग्नात.

दादाच्या पोराचं लग्न, आमच्या अंगणात शंभर माणसं. मेंढ्या भाजलेल्या, अकॉर्डियन चालू. शेजारचा विदोये आणि त्याची बायको याग्लिका नऊ वाजताच उठले — गाय व्यायला झाली होती. मग राकियाची दारू चढल्यावर पुरुषांनी नेहमीसारख्या हवेत गोळ्या झाडल्या. आमच्या डोंगरात लग्नात गोळ्या वाजल्या नाहीत तर लोक विचारतात, मयत होतं का?

दहाच्या आत कुंपणापलीकडून विदोयेची किंकाळी. मी धावले. गोठ्यासमोर याग्लिका दुधाच्या बादलीवर पालथी. टाळूत भोक. दूध गुलाबी झालेलं. फुटलं मडकं धरावं तसं विदोयेनं तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि रक्ताला सांगत होता — "थांब, थांब, बाहेर नको येऊ."

वरून पडलेली गोळी.

आमच्या अंगणातलं अकॉर्डियन थांबायला आणखी पाव तास लागला.

१३ ऑगस्ट

इन्स्पेक्टर पेराझिच आला. शंभर माणसं, आणि एकानंही काही पाहिलं नाही! रादोशदादा म्हणाला, "आकाशातून काय, गारासुद्धा पडतात." कुणी हसलं नाही.

याग्लिकाला तपासणीसाठी राजधानीला, पॉडगोरिकाला नेलं. गोळीचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे.

१४ ऑगस्ट

कॅमेरा! मी त्याला साफ विसरले होते.

खुराड्याच्या छपरावर लावलेला, मुठीत मावेल एवढा, माशाच्या डोळ्यासारखं गोल भिंग आकाशाकडे. दर ऑगस्टला उल्कांसाठी लावते. शाळेतल्या पोरांना दाखवायला बरं. लग्नाच्या रात्रीही संध्याकाळपासून चालूच होता.

दुपारी दार लावून पाहिलं. एकतीस उल्का — पांढऱ्या, डोळा लवेपर्यंत गेलेल्या. आणि डाव्या कडेकडून, आमच्या आलुबुखाऱ्याच्या बागेतून, वर चढणाऱ्या सात लाल रेघा. सावकाश. शेपटीला जळती दारू असलेल्या गोळ्या अशी रेघ ओढतात. तशा गोळ्यांची पेटी गावात एकाकडेच — दादा युद्धातून घेऊन आला होता. पोटमाळ्यावर आहे.

सातवी रेघ जवळजवळ उभी. विदोयेच्या छपराच्या दिशेनं गेली आणि विझली. नऊ बावन्न.

तीनदा गणित केलं. तीनदा तेच आलं — विदोयेचं अंगण.

१५ ऑगस्ट

दादाला सांगितलं. अंगणात, सकाळी.

"दादा, या सात तुझ्या."

"मग? पोराच्या लग्नाला झाडल्या. आपल्या बापानंही माझ्या लग्नात झाडल्या होत्या."

"सातवी त्यांच्या अंगणाकडे गेली."

"मी रानाकडे झाडल्या, योका. सगळ्या रानाकडे."

"चित्रात दिसतंय —"

ठोसा. दात ओठात घुसला. मी उठेपर्यंत तो कुऱ्हाड घेऊन आला. कॅमेऱ्याचे एका घावात दोन तुकडे, मग छप्पर, मग आत अडकलेल्या कोंबड्या. दोन जागीच मेल्या. मग लॅपटॉपकडे वळला. मी तो छातीशी धरला होता. कुऱ्हाडीचा बोथट भाग मनगटावर बसला. आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर.

झागोर्कावहिनी दारात उभी. "आता पुरे करा. नवी सून ऐकतेय."

लॅपटॉप गेला. पण चित्रीकरणाची प्रत काल रात्रीच पेनड्राइव्हवर घेतली होती. खिशात आहे. हे त्याला माहीत नाही.

१६ ऑगस्ट

डाव्या हातानं लिहितेय. डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडले. आमच्या घराला जिना नाही, हे त्यालाही माहीत आहे.

१८ ऑगस्ट

याग्लिकाला पुरलं. विदोयेनं दाढी केलेली नाही. चाळीस दिवस करणार नाही. खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला, "एकानं पुढं या. एकच शब्द सांगा, मी हात लावणार नाही." सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होते. मीसुद्धा. प्लॅस्टरच्या आत मनगट ठणकत होतं.

रात्री आमच्या गवताच्या तिन्ही गंज्या पेटल्या. दादा पहाटेपर्यंत रायफल घेऊन अंगणात बसून होता.

२० ऑगस्ट

आरा-गिरणीच्या वाटेवर विदोयेनं बाल्शाला गाठलं. लोखंडी पहार. जबडा मोडला, दोन बरगड्या. म्हणत होता, "लग्न तुझं होतं ना? मग सांग." पोराला सांगायला काही नव्हतं — तो तेव्हा बायकोबरोबर नाचत होता.

दवाखान्यात बाल्शाचं तोंड तारांनी बांधलंय. मला पाहून रडला. आत्या म्हणायचं होतं, जमलं नाही.

दादा रायफल पुसतोय. आता हा मारेल, मग तो, मग कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा. आजोबांच्या वेळी याच दोन घरांत अकरा वर्षं चाललं होतं.

चुकीच्या माणसाला मार बसतोय आणि बरोबर माणूस माझ्या खिशात आहे.

२१ ऑगस्ट

गेले विदोयेकडे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. गोठ्यात होता, वासराला पाजत. त्याच रात्री झालेलं वासरू.

"हात कुणी मोडला?" त्यानं विचारलं.

"तेच सांगायला आलेय."

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून दाखवलं. हलला नाही. तीनदा बघितलं. "या पांढऱ्या?" "उल्का." "आणि ही?" "रादोशदादाची." सख्ख्या भावाचं नाव. दुसऱ्या कुणाच्या तोंडून आल्यासारखं वाटलं.

"तुला खात्री आहे?"

"तीनदा गणित केलंय."

"अख्ख्या गावात तू एकटीच खरं बोललीस, योका."

मी म्हटलं, "उद्या सकाळी दोघं पेराझिचकडे जाऊ. तू कशालाही हात लावायचा नाहीस. तुला याग्लिकाची शपथ." तो म्हणाला, "जाऊ. सातला निघू."

परत येताना हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू — अभिमानही वाटला.

२२ ऑगस्ट

सकाळी सहाला विदोयेनं दादाला गोळ्या घातल्या.

कुंपणाशी विळ्यानं गवत कापत होता. पहिली मांडीत. तो खाली बसला आणि विदोयेला म्हणाला, "अरे, रानाकडे —" दुसरी पोटात. तिसरी तोंडात, अगदी जवळून. मी खिडकीतून पाहिलं. काच माझ्या श्वासानं धुरकट होत होती, ती मी पुसत होते.

विदोयेनं रायफल गवतात ठेवली आणि पोलीस येईपर्यंत दादाशेजारी मांडी घालून बसला. त्यांनी त्याला नेलं. त्याच्या घरातली बाकीची शस्त्रंही नेली.

वहिनी माझ्या तोंडावर थुंकली. पुसलं नाही.

२४ ऑगस्ट

दादाला पुरलं. मला फाटकाबाहेर उभं केलं. वहिनी म्हणाली, "तुझ्या त्या डबीनं मारलं त्याला."

मी सात वर्षांची असताना दादा मला खांद्यावर बसवून कुरणावर न्यायचा. पहिला उपग्रह त्यानंच दाखवला होता. त्याच हातानं माझं मनगट मोडलं. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

मी खरं तेच सांगितलं. रोज सकाळी उठून एवढंच म्हणते. खरं तेच सांगितलं.

३१ ऑगस्ट

पेराझिचचा फोन. अहवाल आला.

याग्लिकाच्या डोक्यातली गोळी रायफलची नाही. पिस्तुलाची, साधी, न जळणारी. कॅमेऱ्यात ती उमटणारच नव्हती. विदोयेच्या घरातून जप्त केलेल्या पिस्तुलाशी खुणा जुळल्या. वासरू झालं, शेजारी लग्न — त्यानंही गोठ्यामागून हवेत दोन झाडल्या होत्या. असं तो स्वतःच पहिल्या जबाबात बोलून गेला होता, सहज.

त्याला अजून सांगितलेलं नाही. पेराझिच म्हणाला, "तुम्ही याल का? तो म्हणतो, तुमच्याशिवाय कुणाचंच खरं मानणार नाही."