रणगाड्यावरची नखाएवढी जागा

शिरूर, मंगळवार, एप्रिल १९६६

दादानं सुट्टीत लाकडाचा वीतभर रणगाडा केलाय, लढाईत चालवला तसाच. आज आईनं मळका दिसला म्हणून ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केला. दादा रागावेल वाटलं, पण तो काजळी आणि घोडनदीची माती घेऊन परत बसला. सगळे डाग जिथल्या तिथं आले. याला एवढं आठवतं कसं? झाकणाशेजारची नखाएवढी जागा मात्र स्वच्छ सोडली.

आई म्हणाली, "तेवढं राह्यलं की रं."

"राहू दे. तिथं हात टेकून शिवा आत उतरायचा. धूळ बसायचीच न्हाई."

शिवा त्याचा जोडीदार. परत आला नाही, एवढंच आम्हाला ठाऊक.

जेवताना माझं लक्ष त्या नखाएवढ्या जागेकडंच. लोखंडावर माणसाचा हात असा राहतो?

मघाशी रणगाड्याशेजारी कंदील ठेवताना आईनं डोक्यावर पदर घेतला.