दांडी कोणत्या हातात

रविवार, ७ डिसेंबर १९५८. बारामती

१. कन्हेरीच्या माळावर नीळकंठरावांचं छोटं विमान उडवलं. विमान त्यांनी बांधलेलं, जमिनीवरून ते चालवायची रेडिओची पेटी मी.
२. पेटीवर दोन दांड्या. उजवी वळवण्यासाठी, डावी नाक वर-खाली करण्यासाठी. मांडणी माझीच.
३. दांड्या माझ्या हातात होत्या.
४. विमान बाभळींकडे निघालं. ते वळवायचं होतं.
५. वळलं नाही. नाक खाली घालून म्हस्कूच्या उसात शिरलं.

म्हस्कूला हसू आवरेना. "ताई, इमान तुमचंच न्हवं? मोळीसंगं बांधून धाडू का कारखान्याला?"

नीळकंठराव हसले नाहीत. "तुम्हाला डावं-उजवं कळतं ना?" – म्हस्कूसमोर! पंख सांधून पुन्हा उडवू म्हणाले; दांड्या मात्र तुमच्याकडे नकोत. विमान घेऊन इंदापूरला गेले. माघात आमचं लग्न आहे.

सोमवार, ८

पेटी उघडली. तारा बरोबर. तारांचे सांधे पक्के. दोष नाही.
मग?

मंगळवार, ९

पेटी घेऊन बसले आणि यशोदाआत्याला सांगितलं, पोळ्या लाटताना मध्येच "वळव!" म्हणून ओरड.

"बरं हो, इंजिनियरीणबाई. वळव!"

दर वेळी हलली ती डावी दांडी. सावकाश, विचार करून केलं की उजवी. घाईत पुन्हा डावी. काही कळत नाही. हात माझाच – आणि माझंच ऐकत नाही!

बुधवार, १०

पुन्हा तेच.

गुरुवार, ११

आज आत्याने लाटणं खाली ठेवलं. "पुरे झालं गं. डावरीच होतीस तू. घासही डाव्या हाताने घ्यायचीस. तुझ्या बाबाने डाव्या मुठीला फडकं बांधलं, ते उजवा हात वळेपर्यंत सोडलं नाही."

"मला कसं आठवत नाही?"

"एवढीशी होतीस. काय आठवणार?" मग खालच्या आवाजात, "आणि हे इंदापूरला बोलू नकोस. सासूबाई तुझ्या अक्षरावर खूश आहेत. डावरी सून चालायची नाही त्यांना."

इंदापूरचे बघायला आले तेव्हा माझ्याकडून नाव लिहून घेतलं होतं. अक्षराचं कौतुक झालं. ते अक्षर माझं, की त्या फडक्याचं? दिवसभर हाच गोंधळ. बाबांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

शुक्रवार, १२

तारा काढून अदलाबदल केली. वळवायची दांडी आता डावीकडे. आत्या ओरडली, मी हलवली. एकदाही चूक नाही! आत्या म्हणाली, "बघ, हसतेस!" मला कळलंही नव्हतं.

शनिवार, १३

नीळकंठरावांना कार्ड टाकलं. पाकीट नाही, कार्डच – त्यांच्या आईंनाही वाचता यावं. पत्ता उजव्या हाताने, पोस्टमनसाठी. मजकूर डाव्या हाताने. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वाकडंतिकडं आलं. तसंच ठेवलं.

"मी डावरी आहे. मला परवाच कळले. दांड्या बदलल्या आहेत. यापुढे विमान मी उडवीन. आपणास व आईंस हे मान्य आहे की नाही, ते शनिवार, ता. २० पर्यंत कळवावे. – पद्मा"