दर मंगळवारी, पाय घालून

३ मार्च, मंगळवार
आज 'सोबती' झालो. हॉस्पिटलची योजना आहे. ज्यांचा पाय जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली, त्यांनी नुकताच पाय गेलेल्यांना आठवड्यातून एकदा भेटायचं, धीर द्यायचा. ट्रेनिंग दोन तास, चहा कोमट. सिस्टरने सहा नियम छापून दिले. पहिले चार मला माहीतच होते. उरलेले दोन सवडीने वाचीन.
संकल्प : स्वतःचा नकली पाय रोज आठ तास घालायचा. दुसऱ्याला शिकवणाऱ्याने आधी चालून दाखवलं पाहिजे. उद्यापासून.

४ मार्च
पाय कपाटातून काढला. पुसला. उकाडा फार. परत ठेवला.

१० मार्च, मंगळवार
पहिली भेट, व्यायामाच्या खोलीत. माझ्या वाट्याला एक फरशीवाला आलाय. वय बेचाळीस. माझ्यासारखीच शुगर, माझ्यासारखाच उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला. नवा पाय परवाच मिळालाय.
गेटपर्यंत व्हीलचेअरवर गेलो (बायकोने ढकललं), तिथे झाडाआड पाय चढवला आणि आत रुबाबात चालत गेलो. दारात घाम पुसला.
त्याने एकच विचारलं. गुडघ्यावर बसता येईल का? लाद्या बसवायच्या म्हणजे दिवसभर गुडघ्यावरच. डॉक्टर त्याला म्हणालेत, गुडघा वाचलाय, तो सांभाळ, म्हणजे धंदा वाचेल. मी म्हणालो, अलबत! मी रोज बसतो. (बसत नाही. पण बसलो असतो तर जमलं असतं.) त्याचा चेहरा असा उजळला की मला काहीच वावगं वाटलं नाही. याला खोटं म्हणत नाहीत, धीर म्हणतात.

१७ मार्च, मंगळवार
त्याने विचारलं, पाय दिवसाला किती वेळ घालता? सिस्टर त्याला म्हणाली होती, सुरुवातीला तासभर, मग काढून कातडी बघायची. मी म्हणालो, सिस्टरला दोन्ही पाय आहेत. मी सकाळी चढवतो तो संध्याकाळी काढतो. फरशीवाला खूश. उद्यापासून वेळ वाढवतो म्हणाला.
परतताना बायकोने टोमणा मारलाच. म्हणे, तुमचा पाय आठवड्यातून पाऊण तास बाहेर येतो, कशाला बाता मारता? तिला मानसशास्त्रातलं काही कळत नाही.

२४ मार्च, मंगळवार
शिष्य सहा तासांवर गेला! पाय काढून दाखवला. गुडघ्याच्या जरा खाली लाली होती, रुपयाएवढी. अर्धा तास जात नाही म्हणाला. चालतं का, असं विचारत होता. मला काय ठाऊक? मला लाली कधी येतच नाही, येणार कुठून? पण गप्प बसणं बरं दिसलं नसतं. म्हणालो, सगळ्यांना येते, हळूहळू कातडी मुरते. दुखतंय का? तर अजिबात नाही. मग झालं तर!
फॉर्मवर लिहिलं : 'दुखत नाही. प्रगती उत्तम.' सिस्टरने न वाचताच शाबासकी दिली.

२६ मार्च, दुपारी ३
नियमांचा कागद सापडला. पाच : लाली दहा मिनिटांत गेली नाही तर पाय घालणं बंद, लगेच हॉस्पिटलमध्ये दाखवा. सहा : शुगरच्या पेशंटला दुखत नसेल तर ते चांगलं लक्षण समजू नका, संवेदना गेलेली असते.
दोनदा वाचलं.
फोन करायला हवा. पण सांगणार काय? सकाळ-संध्याकाळ पाय घालणारा माणूस अचानक 'काढून ठेव' म्हणाला तर त्याचा विश्वास उडेल. मंगळवारी समोरासमोर नीट सांगतो. पाचच तर दिवस आहेत.

३१ मार्च, मंगळवार
तो आला नाही. त्याच्या बायकोचा निरोप होता सिस्टरकडे : एका घराच्या स्वयंपाकघराचं काम मिळालंय, कालपासून गुडघ्यावर आहेत. साहेबांसारखं (साहेब म्हणजे मी) मलाही जमलं म्हणून कळवा, असं त्याने सांगितलंय.
तिथल्या तिथे सिस्टरला सगळं सांगणार होतो. ती घाईत दिसली. तशी ती फाईल लावत बसली होती.

२ एप्रिल
फोन लावला. उचलला नाही. कामात असेल. परत लावीन.

७ एप्रिल, मंगळवार
परत लावला नव्हता. आज कळलं, तो परवापासून वॉर्डात आहे. ताप, पू, जखम हाडापर्यंत. गुडघा वाचवायचा प्रयत्न चालू आहे. मी खालूनच परत आलो. इन्फेक्शनच्या पेशंटकडे गर्दी करू नये.
संकल्प : खरं सांगायचं. गुडघा वाचला की लगेच.

११ एप्रिल
वाचला नाही. मांडीतून कापला.
मला लाज वाटते आहे. हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाही म्हणता येणार नाही. डॉक्टरांना सांगायची तीन वाक्यं तयार केली. बायकोला म्हणून दाखवली. जेवायला वाढताना तिने पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

१४ एप्रिल, मंगळवार
गेलो. आजसुद्धा गेटपाशी पाय चढवला. का, ते माहीत नाही.
तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला बघून वळला. त्याच्या बायकोने स्टूल दिलं. मला तो पाय दुमडून बसायची सवय नाही, म्हणून लांब करून बसलो. कसा आहेस, विचारलं. तो नुसता माझ्या बुटाकडे बघत होता.
इतक्यात डॉक्टर राउंडला आले. चिडलेले होते. दिवसभर पाय घालून कामावर जायला कोणी सांगितलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं. तिन्ही वाक्यं तयार होती.
त्याआधी तोच बोलला. म्हणाला, साहेबांनी काढून ठेवायला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.
डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवली. सिस्टर म्हणाली, काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला दोन नवे पेशंट देते. मी बरं म्हणालो.
सगळे गेल्यावर तो म्हणाला, आयुष्य जमिनीलगत गेलं साहेब, लोकांचे बूट तेवढे बघितले. तुमच्या या बुटाचा तळ कोरा आहे.
बूट नवा आहे, म्हणालो.
(दोन वर्षांचा आहे.)