तुझ्या गाडीवर तुझ्या आईला जागा नाही

मी, नानासाहेब काकासाहेब औताडे, वय अडुसष्ट, पूर्वी मोटारसायकलींची एजन्सी चालवणारा आणि आता रविवारच्या पुरवणीत मोटारसायकलींवर लिहिणारा, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर श्रेयाबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. ते तापलेलंही आहे, पण त्याचा दाखला वकिलांनी मागितला नाही. मला कोणी दारू पाजलेली नाही, धाक घातलेला नाही की गोड बोलून फसवलेलं नाही. गोड बोलणारा मुलगा पुण्यात असतो आणि मार्चपासून माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे. याआधीचं मृत्युपत्र मी फाडलं आहे. त्याची झेरॉक्स कोणाकडे निघाली तर ती रद्द समजावी.

कलम एक. माझे वारस तिघे: पत्नी दगडाबाई, मुलगी तनुजा आणि मुलगा इंद्रजीत. इंद्रजीत एका कंपनीत कन्सेप्ट मोटारसायकली काढतो. कन्सेप्ट म्हणजे प्रदर्शनात फिरत्या चौथऱ्यावर ठेवायची गाडी. ती बघून लोक टाळ्या वाजवतात आणि आपापल्या जुन्या गाडीवर बसून घरी जातात.

कलम दोन. छावणीतलं घर स्वकष्टार्जित असून ते संपूर्ण मालकी हक्काने दगडाबाईचं. ती विकेल, भाड्याने देईल किंवा कुलूप लावून बहिणीकडे जाऊन राहील. तिला कोणी जाब विचारू नये. लग्नानंतर आमच्याकडे फक्त एक सेकंडहँड मोटारसायकल होती. मी पुढे आणि ती मागे, असा आमचा संसार झाला. एजन्सी काढल्यावर मी नियमच केला होता, की गिऱ्हाइकाने आईला नाहीतर बायकोला सोबत आणल्याशिवाय चावी द्यायची नाही. चाकाखाली लिंबू, हँडलला हार आणि घरच्या बाईला मागे बसवून पहिली फेरी कर्णपुऱ्याच्या देवीला. काही पोरं चिडायची. चिडली तर चिडली.

कलम तीन. बँकेतली शिल्लक निम्मी दगडाबाईला, निम्मी तनुजाला. माझी चालती मोटारसायकल तनुजाला, कारण ती चालवते आणि वेळेवर ऑइल बदलते. मागची सीट आमच्या सीट कव्हरवाल्या गयास यांनी शिवलेली आहे. ती कोणी बदलू नये.

कलम चार. माझ्या खोलीतल्या भिंतीवर कन्सेप्ट गाड्यांची जी चित्रं लावली आहेत, ती सगळी छावणीतले सीट कव्हरवाले गयास यांना. त्यांना ती आवडतात. मी ती फक्त राग यावा म्हणून लावली होती.

संपादकांनी माझे शेवटचे दोन लेख छापले नाहीत, म्हणून माझं मत इथे नोंदवतो. मृत्युपत्रात काटछाट करता येत नाही. या गाड्यांची शेपटी इतकी वर उचललेली असते, की पावसाळ्यात सगळा चिखल चालवणाऱ्याच्या पाठीवर. मडगार्ड नाही, आरसे नाहीत. नंबर प्लेटला जागाच नाही, ती बहुधा कपाळावर लावायची असेल. हेडलाइट असे तिरके, की प्रत्येक गाडीचा चेहरा रागावलेला. कशावर रागावल्यात? राग यायचा तर मला यायला पाहिजे. मग यातली एखादी खरोखर बनवायची ठरते. आरसे येतात, साडी गार्ड येतो, लांब सीट येते, शेपटी खाली येते. कन्सेप्टमधलं उरतं काय, तर टाकीवरचा एक स्टिकर. शेवटी जर सीटपाशीच यायचं आहे, तर कागदावर पहिली रेघ सीटचीच का ओढत नाहीत? हे मी इंद्रजीतला विचारलं होतं. तो म्हणाला, "बाबा, आधी स्वप्न काढायचं, सीट नंतर." वाक्य छान आहे, प्रदर्शनात लावावं.

गयास मात्र मला सोडत नाहीत. "नाना, वो ऊँट के जैसी गाडी को तुमीच लिखे थे ना, ये कब्बी बनती नई करके? आज दुकान में उसीच के सीटां सी रहा मैं!" ती गाडी बनली आणि खपतेही आहे. ती वाईटच आहे, या मतावर मी कायम आहे.

कलम पाच. आता मुख्य गोष्ट. शेंद्र्याचा प्लॉट आणि त्यावरची शेड मी आधीच्या मृत्युपत्रात इंद्रजीतला दिली होती. त्याला तिथे स्वतःचा स्टुडिओ काढायचा आहे. मार्चमध्ये काय झालं ते लिहितो, म्हणजे म्हातारा उगाच फिरला असं कोणी म्हणायला नको.

इंद्रजीतची कन्सेप्ट गाडी प्रदर्शनात गाजली. वेरूळच्या रस्त्यावर तिचे फोटो काढायचे म्हणून कंपनीने ती इकडे आणली आणि पोरगा ती घरी घेऊन आला. दगडाबाई सकाळपासून तयार होती. ठेवणीतली साडी, हातात ताट. तिने गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं, लिंबू ठेवलं. मग पदर खोचून मागच्या बाजूला गेली आणि तिथेच उभी राहिली. "मी बसू कुठं रे? हितं तर जागाच नाय," ती म्हणाली.

इंद्रजीत हसला. "आई, ही बसायची नाही, बघायची गाडी आहे."

त्याच्यासोबतचा एक जण मोबाइलवर हे सगळं घेत होता. कंपनीने खाली गाणं टाकून ते इंटरनेटवर लावलं. ताट हातात घेऊन गाडीमागे जागा शोधणारी बाई, आणि खाली हसणाऱ्यांची रांग. तनुजाच्या फोनवर दगडाबाईने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला मी गाडी काढली, तर म्हणाली, "तुमी जा. म्या पायी येते. लोकं हसतेत." तेव्हापासून ती माझ्याही गाडीवर बसलेली नाही. आयुष्यभर जी जागा तिची होती, ती पोराने एका वाक्यात काढून घेतली. इंद्रजीतने फोनवर माफी मागितली, पण माझी. मला कोण हसलं होतं?

म्हणून प्लॉट व शेड त्याला मिळेल ती कलम सहा पुरं केल्यावरच. त्याने साफ नकार दिला तर ती तनुजाची. तनुजा म्हणते, "मला नको बाबा, मग भाऊबीजेला कोण येईल?" तिचं म्हणणं मी ऐकलं आहे, मान्य केलेलं नाही.

कलम सहा. माझ्या अस्थी कायगाव टोका येथे गोदावरीत सोडाव्यात. त्यासाठी जीप, कार काही करू नये. इंद्रजीतने स्वतः डिझाइन केलेल्या मोटारसायकलवरून त्या न्याव्यात. कंपनीने ती बाजारात आणली तर ती, नाही आणली तर शेडमध्ये बसून त्याने एक बनवावी. तेवढ्यापुरती शेड वापरायला माझी परवानगी आहे. चालवणारा तो. मागे त्याची आई. मडकं आईच्या मांडीवर.

इंद्रजीत, ती दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसते. एक हात मडक्याला लागेल, तेव्हा दुसऱ्या हाताला धरायला काहीतरी पाहिजे. पायाखाली काहीतरी पाहिजे. साडी चाकात जाता कामा नये. ते कसं करायचं हे मी सांगणार नाही, डिझायनर तू आहेस. तोवर मडकं अंगणातल्या कडुलिंबाला टांगून ठेवावं. मला घाई नाही.

कलम सात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी गयास यांनी करावी. त्यांना चित्रं मिळणार म्हणून वकिलांनी त्यांना साक्षीदार होऊ दिलं नाही, त्याचा त्यांना राग आला आहे. सीट बसण्यालायक झाली की नाही, हे तेच ठरवतील.

हा सगळा मजकूर मी दगडाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मडकं घिऊन बसंन मी. पण हळू चालव म्हणावं त्याला."

सही: नानासाहेब काकासाहेब औताडे

वरील सही नानासाहेबांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली आणि त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. डॉ. श्रेया इंगळे, छावणी
२. सोमनाथ दांडगे, गुलमंडी

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५